आधी छेद, मग टक्के

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीचा वार्षिक आढावा करताना माझा निम्म्याहून अधिक वेळ छेद ठरवण्यात जातो. अंश म्हणजे झालेलं काम. तो रजिस्टरात असतो, एएनएमने (उपकेंद्राच्या परिचारिकेने) तारखेसकट लिहिलेला. छेद म्हणजे ते काम ज्यांच्यासाठी करायचं ते एकूण लोक. तो मात्र कुठेही आयता मिळत नाही, आणि तो चुकला की नीट चाललेलं केंद्र कागदावर नापास होतं.

सुरुवात लोकसंख्येपासून. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. उत्तर गोवा ८,१८,००८ आणि दक्षिण गोवा ६,४०,५३७. गावनिहाय तक्तेही मिळतात, पण केंद्राची हद्द तालुक्याच्या हद्दीशी जुळेलच असं नाही. म्हणून सबसेंटरवार (उपकेंद्रवार) गावांची यादी घ्यायची आणि प्रत्येक गाव जनगणनेच्या कोडने लावायचं. नावावर विसंबू नये. एका यादीत ‘साखळी’ असतं, दुसरीत तेच ‘सांकेलिम’. संगणकाला ती दोन गावं वाटतात. दुसरी चूक याहून मोठी. गोव्यात पंचायतीच्या ताब्यातली बरीच गावं जनगणनेने ‘सेन्सस टाऊन’ म्हणून शहरी यादीत टाकली आहेत. राज्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी दिसते ती यामुळेही. फक्त ग्रामीण तक्ता उतरवून घेतला तर ही गावं गळतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

जनगणना जुनी झाल्यामुळे मी तिच्याशेजारी सबसेंटरचा घरोघरचा सर्व्हे ठेवतो. गोव्यात आशा कार्यकर्त्या नाहीत, त्यामुळे ही मोजणी एएनएम आणि मल्टिपर्पज हेल्थ वर्करच करतात. भाड्याच्या खोल्यांतले कामगार त्यात आहेत का, हे त्यांना स्पष्ट विचारावं. दोन आकड्यांत फरक मोठा निघाला तर सरासरी काढू नये, कुठला वाडा सुटला ते शोधावं.

आता अपेक्षित गर्भवती. सूत्र सोपं आहे: लोकसंख्या गुणिले जन्मदर (हजार लोकांमागे वर्षातले जन्म), भागिले १०००, त्यात गर्भपात आणि मृतजन्मांसाठी १० टक्के भर. घोटाळा जन्मदरात होतो. एसआरएस या देशव्यापी जन्म-मृत्यू नमुना पाहणीच्या २०२० च्या अहवालात देशाचा जन्मदर १९.५ आहे, गोव्याचा सुमारे १२. उदाहरणादाखल २५,००० लोकसंख्येचं केंद्र घ्या. गोव्याच्या दराने ३०० जन्म आणि ३३० गर्भवती येतात. देशाच्या दराने ५३६. रजिस्टरात ३२० नोंदी असतील तर पहिल्या छेदाने ९७ टक्के काम झालं, दुसऱ्याने फक्त ६०. काम तेच, बायका त्याच. तयार एक्सेल तक्त्यात देशाचा दर आधीच भरलेला असू शकतो, म्हणून सूत्राचा सेल उघडून बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

९७ टक्क्यांवरही लगेच विश्वास ठेवू नये. सासरच्या केंद्रात नाव घातलेली बाई सातव्या महिन्यात माहेरी जाते, तिथे पुन्हा नोंद होते. आरसीएच क्रमांक (माता-बाल आरोग्य नोंदणीत बाईला मिळणारा क्रमांक) तोच वापरला तर दुहेरी मोजणी टळते. नवा काढला तर एका बाईच्या दोन होतात. जन्मांचं उलटं आहे. जन्म जिथे होतो तिथे नोंदला जातो. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) तिसवाडी तालुक्यात असल्याने सत्तरी तालुक्यातल्या आईचं मूल तिसवाडीच्या आकड्यात जातं, आणि दोडामार्ग-सावंतवाडीहून आलेल्या आईचंही. जन्मनोंदणीच्या फॉर्म १ च्या सांख्यिकी भागात आईच्या राहण्याचं गाव असतं. त्यावर लावलेली यादी मिळाली तरच ती केंद्राच्या कामाची. ताळा झाला की नावं काढून टाकायची, आढाव्यात फक्त संख्या जातात.

मधुमेहाबाबत सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीत गोव्याचं प्रमाण देशात सर्वाधिक, २६.४ टक्के निघालं. वर धरलेल्या केंद्रात २० वर्षांवरचे १८,००० लोक असतील तर गुणाकार ४,७५२ येतो. एनसीडी (असंसर्गजन्य आजारांच्या) रजिस्टरात समजा १,४०० आहेत. उरलेले ३,३५२ ‘उपचाराविना’ असं लिहिणं चूक आहे. त्यांतले काही खासगी डॉक्टरकडे जातात, काही गोमेकॉच्या ओपीडीत, आणि काहींना आजार आहे हेच ठाऊक नाही; पाहणीत ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासलं होतं, त्यामुळे तेही मोजले गेले. शिवाय पाहणी २० वर्षांवरच्यांची, आपलं स्क्रीनिंग ३० वर्षांवरच्यांचं. आणि राज्यासाठी सुमारे ४,००० जणांचा नमुना एका केंद्राचं प्रमाण सांगू शकत नाही. एनएफएचएस-५ शी (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीशी) तुलना करायची तर तिथे १५ वर्षांवरच्यांची एकदाच, कुठल्याही वेळी घेतलेली साखर आहे. ते निदान नव्हे. अंशही तपासावा: महिन्याला औषध न्यायला येणारा माणूस वर्षात बारा भेटी करतो, पण तो रुग्ण एकच. मयतांची नावं वगळायची राहिलेली असतात.

बालमृत्यूंचे आकडे गोव्यात केंद्राच्या पातळीवर अगदी लहान असतात. ३०० जन्मांत गेल्या वर्षी २ मृत्यू, यंदा ४, हजार जन्मांमागचा दर ६.७ वरून १३.३ वर गेला. ‘दुप्पट’ हा शब्द बैठकीत लगेच येतो. पण २ मृत्यूंची ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे निव्वळ योगायोग धरून खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा, ०.२ ते ७.२ आहे, ४ मृत्यूंची १.१ ते १०.२, दोन्ही एकमेकींत मिसळतात. मी तीन वर्षं एकत्र करतो आणि दराऐवजी संख्या लिहितो. प्रत्येक मृत्यूची चौकशी मात्र वेगळी व्हायलाच हवी. तिथे दर कामाचा नाही, ते एक मूल महत्त्वाचं आहे.

एचएमआयएसमध्ये (केंद्रांच्या मासिक अहवालांच्या संगणक प्रणालीत) रिकामी चौकट आणि शून्य एक नव्हे. रिकामी म्हणजे माहिती आलेली नाही. तिला शून्य धरलं तर सुट्टीवरच्या एएनएमच्या गावात त्या महिन्यात एकही लस दिली नाही असं दिसतं. महिन्याच्या नोंदी नंतरही दुरुस्त होतात, म्हणून फाइलच्या नावातच उतरवून घेतल्याची तारीख घालतो. शेवटी सबसेंटरला टक्केवारी पाठवत नाही. गरोदरपणातली चौथी तपासणी राहिलेल्या बायका किती आणि कुठल्या वाड्यावर, एवढंच एका पानावर लिहून देतो. नावं एएनएमच्या रजिस्टरात असतातच.