आमची वाटचाल: नऊ-नऊ की अठरा?

2014 साली बेळगावच्या शहापुरात, नवऱ्याच्या कापडदुकानाच्या माडीवर एक टेबल, जुना कॉम्प्युटर आणि टॅली सॉफ्टवेअर घेऊन मी हिशेब लिहायला बसले. पहिलं गिऱ्हाईक खालचं दुकानच. त्याची फी अजून यायची आहे.

पुढची गिऱ्हाइकं दिली ती कन्नडनं. शाळा माझी मराठी, पण परवान्याचा कागद येतो कन्नडमध्ये. वडगावचे यंत्रमागवाले प्लास्टिकच्या पिशवीतनं कागद आणायचे, "अक्का, काय लिहिलंय बघ की." वाचून सांगायचे, पैसे घेत नसे. महिन्या-दोन महिन्यांनी त्याच पिशवीतनं खरेदीची बिलं यायची. मधे एका दिवाळीला कॅलेंडरं छापून वाटली. भिंती सजल्या, गिऱ्हाईक एक आलं नाही.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि माडीला जिना पुरेना. त्याच घाईत आमच्याकडनं चूक झाली. उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपचं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर करून दिलेलं काम, शिनोळीला जायचं. सकाळी भरलेला टेम्पो जेवायच्या सुट्टीआधी परत येतो, इतकं जवळ. पण शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्र. तिथल्या पार्टीचा जीएसटी नंबर 27 नं सुरू होतो, आपला 29 नं. बिलाला 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लागायला हवा होता. आम्ही चार महिने राज्यातल्या व्यवहारासारखा नऊ टक्के केंद्राचा सीजीएसटी, नऊ टक्के राज्याचा एसजीएसटी लावला. एकूण 1,62,000 रुपये भलत्या खात्यात.

वर्षाचे हिशेब जुळवताना मला ते दिसलं. अजून कुणाला कळलं नव्हतं. रात्रभर झोप नाही. सकाळी स्कूटी काढून थेट शॉपवर गेले. मालक लेथवरच उभे होते. सांगितलं, चूक माझी. व्याज लागत नाही, पण आयजीएसटी नव्यानं भरायचा आणि आधी भरलेल्याचा परतावा कायद्याच्या 77 व्या कलमानं मागायचा. तोवर पैसे अडकणार. या वर्षाची फी नको.

ते बराच वेळ हात पुसत राहिले. "शिनोळीवाल्यानं आधी धरलं असतं तर माझं काम गेलं असतं. फी घे. पण परत असं करू नको."

त्यांचा भाऊ मात्र त्याच महिन्यात आपली फाइल घेऊन गेला. त्याचंही चुकलं नाही. परतावा आला, पण मला पांढरे केस देऊनच.

तेव्हापासून वाईट बातमी आधी मीच सांगते. 2022 च्या जानेवारीपासून टू-बीमध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरच्या यादीत, बिल दिसल्याशिवाय खरेदीवर दिलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. तेव्हा 14 तारीख उलटली की आमची पोरं टू-बी उघडून बसतात आणि फोन लावतात: अमक्यानं तुमचं बिल दाखवलेलं नाही, त्याचं पेमेंट धरून ठेवा. 20 तारखेला रिटर्न भरताना हे सांगून उपयोग काय? महिन्याला दोनशे रुपये कमी घेणारे गल्लोगल्ली झालेत आणि काही जण गेलेही. फी मी उतरवली नाही. वर्षाअखेरी एकदम मागायची सोडली आणि दरमहा ठरवून घेते. मार्चमधली घासाघीस त्यानं गेली.

मशीन शॉपवाले अजून आमच्याकडेच आहेत. परवा साडेनऊला, दार उघडायच्या आत फोन: "अक्का, गडहिंग्लजची नवी पार्टी आलीय. नऊ-नऊ की अठरा?"

"नंबर वाचा."

"27..."