फुगडी, खोपा आणि मुळाशी उगवलेले कुरळे

विमानतळावरून घरी येताना ठाण्यात तीन हात नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा आईने पहिल्यांदा माझ्या डोक्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "मुळाशी काय पेरलंयस गं हे?"

प्रश्न रास्त होता. लंडनहून निघताना माझा दहावा आठवडा चालू होता. (फोनवर मावशीला मी "दहावा आठवडा आहे, जरा जपायला लागतंय" एवढंच बोलले आणि तिने परस्पर चार घरी पेढ्यांची तयारी ठेवायला सांगितली. तर मंडळी, तसलं काही नाही.) दहावा आठवडा रिलॅक्सर, म्हणजे कुरळे केस कायमचे सरळ करणारं औषध, लावल्यापासूनचा. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे मुळाशी जवळपास 3 सेंटिमीटर माझे जन्मजात कुरळे उगवून आलेले, आणि त्यांच्यापुढे खांद्यापर्यंत गुळगुळीत सरळ केस. लंडनच्या हवेत हे खपून जातं. ठाण्याच्या जुलैत नाही. गाडीची काच खाली केली आणि सिग्नल सुटायच्या आत मुळं फुगून उभी राहिली.

माझ्या कुरळ्यांचा इतिहास नौपाड्यातल्या निम्म्या बायकांना ठाऊक आहे. शाळेत "घरटं", कॉलेजात "मॅगी". कॅम्पस मुलाखतींच्या आधी कुणीतरी म्हणालं, जरा नीटनेटकी दिस. तेव्हा राम मारुती रोडजवळच्या एका पार्लरमध्ये सहा तास बसून मी रिबॉन्डिंग केलं, म्हणजे रसायन आणि इस्त्रीने केस सरळ करून घेतले. तेच केस घेऊन लंडनला गेले. वर्षभराने मुळं इतकी वाढली की ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला लंडनमधल्याच पेकहॅमला, तिच्या मावशीच्या सलूनमध्ये नेऊन बसवलं. मावशी नायजेरियाच्या. तिथे वडीलधाऱ्या बाईला नावाने हाक मारत नाहीत, आंटी म्हणतात. त्यामुळे मला नवीन काही शिकावं लागलं नाही.

आंटींनी माझी एक बट बोटांत धरली, आधी काय लावलं होतं ते विचारलं आणि रिलॅक्सर लावायला साफ नकार दिला. मी बांदोडकर कॉलेजात केमिस्ट्री शिकलेली, पण कारण मला त्या खुर्चीत बसून कळलं. केसांना आकार देणारे गंधकाचे जोड असतात. रिबॉन्डिंगमध्ये थायोग्लायकोलेट नावाचं रसायन ते जोड सोडवतं, मग केस इस्त्रीने सरळ करून ते पुन्हा जुळवतात. रिलॅक्सरचं काम वेगळं. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड असतं, किंवा दोन डब्यांतलं कालवून तयार होणारं ग्वानिडीन हायड्रॉक्साइड. ते जोडातला एक गंधक काढूनच टाकतं आणि उरतं ते कायमचं. पहिल्या रसायनाने आधीच अशक्त झालेल्या केसावर दुसरं लावलं तर केस वितळल्यासारखा तुटतो. "आधी वाढू दे, मग जुना भाग काप, मग ये," आंटी म्हणाल्या. मी दीड वर्षाने गेले. मानेपर्यंत केस, सगळे माझे.

हे मी आईला समजावलं तेव्हा तिने एकच शब्द पकडला. "सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे कॉस्टिक सोडा ना? तुंबलेल्या मोरीत टाकतात तो?"

"हो."

"आणि तू पैसे देऊन डोक्यावर लावून घेतेस."

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. आंटींच्या सलूनमध्ये लावायच्या आधी टाळूवर, कानांमागे, कपाळाच्या कडेला व्हॅसलीनचा थर देतात. आधीचे दोन-तीन दिवस डोकं खाजवायचं नाही आणि न्हायचंही नाही, कारण बारीकसा ओरखडा असला तरी तिथे भाजतं. धुताना जो शाम्पू वापरतात त्याचा फेस, केसांत अल्क असेपर्यंत, गुलाबी येतो. पांढरा झाला की सुटका. पहिल्यांदा तो गुलाबी फेस बघून मला कॉलेजच्या लॅबमधली, अल्कात गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फथॅलीनची बाटली आठवली आणि मी एकटीच हसत बसले.

आता मुद्द्याचं. रिलॅक्सर लावणं हा या प्रकरणातला सोपा भाग. ते दोन-तीन तासांत होतं आणि दुसऱ्याच्या हातून होतं. खरी मेहनत मधल्या आठ-बारा आठवड्यांची, आणि ती आपली आपण करायची. कारण पुढच्या वेळी औषध फक्त नव्या मुळांना लावायचं असतं. जुन्या सरळ भागावर पुन्हा चढलं की तो तुटतो. तोपर्यंत एकाच केसात दोन स्वभाव नांदत असतात, आणि जिथे कुरळा संपून सरळ सुरू होतो तो सांधा सगळ्यांत कच्चा. केस तुटला तर तिथेच तुटणार. (इथे "दोन देशांमधला सांधा" वगैरे लिहायचा मोह मला झाला होता. आवरला.)

घरी आल्यावर चौथ्या दिवशी हे मी विसरले. मामेबहिणीची पहिली मंगळागौर होती, त्यासाठी खोपा घालून बघावा म्हणून पार्लरमध्ये गेले. तिथल्या मुलीने बारीक दातांचा कंगवा घेतला आणि कोरड्या केसांत थेट मुळापासून खाली ओढला. तटतट आवाज आला. मी ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "ताई, मुळं फारच खराब झालीत, स्मूदनिंग मारून देऊ का? मंगळागौरीची ऑफर पण आहे." तिचा दोष नाही, तिला माझ्या डोक्यावर आधी काय झालंय ते माहीत नव्हतं, आणि तिने विचारलंही नाही. विचारणं मात्र तिचं काम होतं. स्मूदनिंगमध्येही बहुधा रिबॉन्डिंगमधलं तेच थायोग्लायकोलेट, किंवा उष्णतेबरोबर फॉर्माल्डिहाइड सोडणारं काहीतरी. रिलॅक्सरच्या केसावर ते चढवलं असतं तर मंगळागौरीला मी गंगावन लावून बसले असते.

गंगावनावरून आठवलं. पेकहॅमच्या राय लेनवर केसांची दुकानंच दुकानं आहेत, आणि त्यांत सगळ्यांत महागड्या पाकिटांवर "इंडियन हेअर" लिहिलेलं असतं. तिरुमलाला भाविकांनी वाहिलेले केस लिलावात विकले जातात आणि जगभर जातात. म्हणजे आंटींच्या गिऱ्हाइकांना हवे असतात आमचे केस, आणि मी आमच्या केसांना कंटाळून आंटींकडे.

तर खोप्याचा नाद सोडून घरी आले आणि आंटींची पद्धत आईच्या स्वयंपाकघरात मांडली. न्हाताना शाम्पू फक्त टाळूला. मग कंडिशनर भरपूर, अगदी आई "पोळीला तूप लावतेस का" म्हणेल इतका. तो केसांत असतानाच गुंता काढायचा, आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, आणि टोकाकडून मुळाकडे एकेक वीत वर सरकत. सांध्याच्या वरचा केस एका हाताने घट्ट धरून ठेवायचा, म्हणजे ओढ मुळापर्यंत जात नाही. आपल्याकडे लहानपणापासून उलटं शिकवतात: टाळूवर कंगवा टेकवा आणि खाली ओढा, रडलीस तर एक धपाटा. माझ्या आईनेही तेच केलं होतं. या वेळी ती मागे उभी राहून बघत होती, काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी भाचीची वेणी घालताना तिने शेंड्यापासून सुरुवात केली.

ठाण्यात एक फायदा झाला. लंडनचं पाणी जड, किटलीत आठवड्यात पांढरा थर बसतो. दोन डब्यांच्या रिलॅक्सरमधलं कॅल्शियम आधीच केसांवर बसलेलं असतं, त्यात हे पाणी. केस निस्तेज, खरखरीत होतात आणि महिन्यातून एकदा क्षार काढणारा शाम्पू लावावा लागतो. आमच्या नळाच्या पाण्यात मात्र पहिल्याच दिवशी साबणाला असा फेस आला की मी बादलीभर पाणी जास्त घेतलं.

शेजारच्या काकूंनी अंडं, दही, मेथी, जास्वंद असा सगळा मेनू सुचवला. अंड्यातलं प्रथिन केसात शिरायला फार मोठं असतं, वरून चिकटून वास तेवढा मागे ठेवतं. केसांसाठीच्या प्रोटीनच्या बाटलीत ते तोडून बारीक केलेलं असतं. काकूंना हे पटलं नाही. खोबरेलाबद्दल मात्र त्या बरोबर निघाल्या. 2003 साली मुंबईतल्याच संशोधकांनी दाखवलं होतं की न्हाण्याआधी लावलेलं खोबरेल केसातलं प्रथिन कमी वाहून जाऊ देतं, कारण ते केसाच्या आत शिरतं. सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल शिरत नाहीत. आंटींना हे मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमच्याकडेही आजीला ठाऊक होतं.

आता दमट हवेत मुळं बसवायची कशी, हा खरा प्रश्न. इस्त्री फिरवली की तासभर सरळ, मग घामाने परत वर, आणि सांध्यावर पुन्हा पुन्हा ताप दिला तर तो तुटणार. इथे आंटींची सगळ्यांत जुनी युक्ती कामी आली. नायजेरियातले योरुबा लोक तिला इरुन किको म्हणतात. केसांचे छोटे भाग करायचे आणि प्रत्येक भागाला मुळापासून काळा दोरा गुंडाळत जायचं, घट्ट नाही, नुसता ताणलेला. रात्रभर ठेवलं की गरमी न देता मुळं लांबतात. दोरा हवा म्हणून मी जांभळी नाक्याला गेले. दुकानदाराने विचारलं, "गोंड्याला का?" मी हो म्हटलं. रात्री आई आणि मी दिवाणखान्यात बसून सोळा भाग गुंडाळले. बाबा पेपरमागून म्हणाले, अँटेना लागल्यासारखी दिसतेस.

वर बांधायला रेशमी रुमाल विसरले होते. सुती उशीवर केस घासून तुटतात आणि कोरडे पडतात. आईने कपाटातून आजीच्या विरलेल्या नारायणपेठ साडीचा तुकडा काढून दिला. लंडनला माझ्याकडे सॅटिनचे तीन रुमाल आहेत, पण हा तुकडा आता परत येताना बॅगेत आलाय.

या सगळ्यामागे एक कहाणी आहे, ती त्या सिग्नलमुळे सांगावीशी वाटते. केस सरळ करणाऱ्या पहिल्या क्रीमचं श्रेय गॅरेट मॉर्गन या कृष्णवर्णीय अमेरिकन संशोधकाला देतात. शिवणयंत्राच्या सुईसाठी तो एक द्रव बनवत होता. हात पुसलेल्या लोकरी कापडाचे तंतू सरळ झाले, मग शेजाऱ्याच्या कुत्र्यावर प्रयोग केला, असं सांगतात. याच माणसाने 1923 साली तीन स्थितींच्या वाहतूक सिग्नलचं पेटंट घेतलं. तीन हात नाक्यावर अडकून बसलात तर त्याची आठवण काढा, एरवी त्याच्यावर चिडू नका.

आणि एक गोष्ट लपवणार नाही. 2022 साली अमेरिकेत 33,497 बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करायची रसायनं वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाची शक्यता 4.05 टक्के आढळली, न वापरणाऱ्यांमध्ये 1.64. यातून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण दुर्लक्षही करवत नाही. आंटींनी तेव्हापासून स्वतःच्या डोक्याला लावणं बंद केलंय. गिऱ्हाइकांना नाही म्हणत नाहीत, फक्त अंतर वाढवा म्हणतात. मी आठाचे बारा केले, आता सोळा आठवड्यांचा बेत आहे. वर्षाला तीनच वेळा. पुढचं पुढे.

श्रावणातल्या मंगळवारी बारावा आठवडा होता. खोपा घातला, पण सैल, मानेवर, आणि आकडे सांध्यापासून लांब. कपाळाजवळचे कुरळे पाणी लावून रुमालाने अर्धा तास दाबून ठेवले होते. फुगड्या सुरू होईपर्यंत टिकले. पिंग्याला सुटले. सुपं नाचवेपर्यंत पुढून घरटं, मागे गजरा असा अवतार. सत्तरीच्या एक आजी रात्री दोन वाजता माझ्या कपाळावरचं ते कुरळं बोटाने ओढून सोडत म्हणाल्या, "स्प्रिंग आहे की गं," आणि पुन्हा एकदा ओढलं.

सकाळी गजरा सोडवला, केसांत भरपूर कंडिशनर घेऊन कंगवा फिरवला, आणि निघालेले केस जुन्या पेपरवर पसरले. टोकाला पांढरा बारीक गोळा असेल तर केस आपला आपण गळलेला, तो रोजचाच. गोळा नसेल तर तुटलेला. मी खिडकीपाशी एकेक उजेडात धरून बघत होते. आई चहा घेऊन आली, खाली वाकून म्हणाली, "तांदूळ निवडतेयस का?"

एकूण सेहेचाळीस. गोळा नसलेले तीन. आंटींना फोटो पाठवला. त्यांचा आवाजी निरोप आला, मागे ड्रायरची घरघर: तीन चालतील, पण कपाळाशी ओढलं कोणी?