लेह–मनाली: भीती खरी, पत्ता चुकीचा

लेहहून मनालीला गाडीनं उतरायचं ठरलं आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ यायला लागले. कड्याच्या पोटात कोरलेला एकेरी रस्ता, डोक्यावरून गळणारं पाणी, बसचं मागचं चाक निम्मं हवेत. पाठवणारे आमचे दादा, म्हणजे माझे थोरले दीर. तेही आमच्याबरोबर येणार होते, त्यामुळे काळजी स्वतःचीच होती. गंमत अशी की त्यातले बरेच व्हिडिओ या रस्त्याचे नव्हतेच. काही किल्लार–किश्तवारचे, काही जोझिलाचे. ते दोन्ही रस्ते अंगावर येणारेच आहेत. पण हिमालयातला कुठलाही कडा दिसला की खाली ‘मनाली–लेह’ लिहून पुढे ढकलायची पद्धत पडली आहे, आणि या रस्त्याची निम्मी बदनामी तिथूनच आली आहे.

उरलेली निम्मी खरी आहे. फक्त लोक घाबरतात एका गोष्टीला आणि आजारी पडतात दुसऱ्याच गोष्टीनं.

आम्ही पुण्याहून आमच्याच डिझेल गाडीनं श्रीनगरमार्गे गेलो. मी आणि नवरा आलटून पालटून चालवत होतो. सोनमर्ग, जोझिला, द्रास, कारगिल, लेह असा हा रस्ता हळूहळू उंची गाठतो. द्रासला ३,३०० मीटरपर्यंत चढून मुक्कामाला कारगिलला २,७०० च्या आसपास उतरतो. जोझिलाची उंची ३,५२८ मीटर, म्हणजे पुढच्या खिंडींच्या मानानं काहीच नाही, पण अख्ख्या प्रवासात माझे हात स्टिअरिंगवर आवळले गेले ते तिथेच. अरुंद, चिखलाचा, समोरून लष्करी ट्रकांची रांग, बाजूला कठडा नाही. त्याच्यापुढे लेह–मनालीची वळणं सभ्य वाटली. भर पावसाळ्यात वरंधा किंवा आंबेनळी घाट ज्यानं उतरलाय, त्याला हा रस्ता चालवता येतो, हे मी बिनधास्त सांगते.

लेहमध्ये आधी नुसतं बसून, मग थोडं हिंडून अंगाला हवेची सवय करून घेतली आणि पहाटे दक्षिणेकडे निघालो. उपशीपर्यंत सिंधूच्या काठानं, मग ग्या, रुमत्से आणि तिथून तांगलांग ला (‘ला’ म्हणजे खिंड), ५,३२८ मीटर. इथपर्यंतचा डांबरी रस्ता आपल्याकडच्या कित्येक राज्य महामार्गांना लाजवील असा आहे. खिंड उतरलं की मोरे मैदान लागतं: चाळीसेक किलोमीटर जवळजवळ सपाट, सरळ, रिकामं. या पट्ट्याला कुणी धोक्याचा म्हणत नाही, आणि माझ्या मते रस्ता म्हणून सगळ्यात जपण्यासारखा हाच. घाटात माणूस आपोआप सावध असतो. इथे शंभरवर काटा जातो तो कळतही नाही, आणि मध्येच डांबर खचून खड्डा किंवा उंचवटा येतो. आमच्या डोळ्यांदेखत एक बाईकवाला अशा उंचवट्यावरून हवेत उडाला. नशीब, उतरला तो चाकांवरच.

पांगला (४,६०० मीटर) तंबूतल्या ढाब्यावर राजमा-चावल. ढाबे बहुतेक लडाखी बायका चालवतात. जेवण साधं, गरम आणि त्या जागेच्या मानानं स्वस्त. जवळच लष्कराचा मोठा ट्रान्झिट कॅम्प आहे. अडीअडचणीला प्रवाशांना तिथे मदत मिळते, हे ध्यानात असू द्या. पांगच्या पुढे लाचुलुंग ला (५,०५९ मीटर) आणि नकी ला या लागोपाठच्या खिंडी. इथे मात्र रस्ता बऱ्याच ठिकाणी कच्चा, धूळ इतकी की पुढचा ट्रक दिसेनासा व्हावा. वेग वीस-पंचवीसच्या वर जात नाही, आणि म्हणूनच भीतीही वाटत नाही.

मग गाटा लूप्स. एकवीस वळणं, आणि त्यांचं प्रसिद्ध भूत. एका वळणावर छोटंसं देऊळवजा बांधकाम आहे, भोवती पाण्याच्या बाटल्यांचा ढीग. हंगाम संपताना इथे ट्रक बंद पडला, ड्रायव्हर मदत आणायला गेला, बर्फ पडलं, आणि मागे राहिलेला क्लीनर तहानेनं-थंडीनं गेला. तोच येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाणी मागतो, अशी कथा. दादांनी भक्तिभावानं बाटली ठेवली. मी मनात म्हटलं, बघा, या रस्त्याचं भूतसुद्धा दरीत कोसळून झालेलं नाही. उंचीवर अडकून पडल्यामुळे झालंय.

सारचूला संध्याकाळी पोचलो. उंची ४,२९० मीटर, सपाट पठार, तंबूंच्या रांगा. लेह आणि मनाली, दोन्हीकडून येणारे इथेच रात्र काढतात, त्यामुळे एकाच जेवणाच्या तंबूत दोन जाती सरळ ओळखू येतात. आमच्यासारखे लेहकडून आलेले भात वाढून घेत होते. मनालीकडून आलेले डोकं धरून बसलेले. एका टेबलावर पंचविशीतली चार मुलं होती, नाशिककडची, व्यायामानं कमावलेली शरीरं. एकालाही घास जात नव्हता. सकाळी मनालीहून निघून संध्याकाळी सारचू, म्हणजे २,०५० मीटरवरून एका दिवसात थेट ४,२९०. आमचे दादा बासष्टचे, रक्तदाबाची गोळी चालू. ते दुसऱ्यांदा वरण मागत होते. उंचीला वय आणि दंड दिसत नाहीत, चढायला किती दिवस घेतलेत तेवढंच कळतं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम आहे. मनाली–सारचू एका दमात केलं की त्या नियमाचं काय होतं ते सांगायला नको.

रात्री त्या मुलांपैकी एकाला उलट्या थांबेनात. तंबूवाल्यानं सिलिंडरमधून ऑक्सिजन लावला, थोडा आराम पडला. पहाटे तो पोरगा चालताना झोकांड्या खात होता आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर भलतंच देत होता. त्याचे मित्र म्हणत होते, ‘काकू, आता लेह गाठतो, तिथे मोठं हॉस्पिटल आहे.’ तंबूवाला हातवारे करून सांगत होता, मागे फिरा.

या रस्त्याचं खरं कोडं हेच आहे आणि नकाशात ते दिसत नाही. उंचीचा त्रास वाढला तर खाली उतरणं हाच उपाय, पण सारचूहून कुठल्याही बाजूला खाली जायचं तर आधी वर चढावं लागतं. लेहच्या बाजूला लाचुलुंग, मग पांग, मग तांगलांग. गाटा लूप्सचा पायथा सोडला तर रुमत्से येईपर्यंत, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास किलोमीटर, सारचूपेक्षा खाली टेकायला गाव नाही. मनालीच्या बाजूला एकच बारालाचा ला, ४,८९० मीटर. ती ओलांडली की उतार लागतो, आणि काही तासांत दारचाला तुम्ही ३,३६० वर असता. म्हणून मागे फिरणंच शहाणपणाचं होतं. शेवटी एका टॅक्सीवाल्यानं त्याला आणि एका मित्राला घेऊन बारालाचा ओलांडली. आम्ही त्यांच्या मागोमागच होतो. जिस्पाला भेटले तेव्हा तो पोरगा उन्हात बसून चहा पीत होता. थकलेला, पण बोलणं ठिकाणावर. पुढे केलाँगला जिल्हा रुग्णालय आहे, तिथे दाखवून घ्यायला ते निघाले.

माझं एक मत इथेच सांगून टाकते. ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीजवळच्या रोहतांग खिंडीतला चिखल, तिथली तासन्‌तासांची कोंडी, धुकं, सगळं टळलं. चालवण्याच्या दृष्टीनं रस्ता नक्कीच सुरक्षित झाला. पण पूर्वी रोहतांगच माणसाला दमवायचा, आणि नाइलाजानं केलाँगला मुक्काम पडायचा. आता दुपारच्या जेवणापर्यंत माणूस जिस्पा ओलांडतो, आणि ‘अजून उजेड आहे, सारचू गाठू’ म्हणतो. रस्ता सुधारला तसा हा मोह वाढला.

आपल्या मंडळींसाठी खास: कापराची पुरचुंडी हुंगून रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, बस. खांद्याला लटकवायच्या ऑक्सिजनच्या हलक्या डब्याही काही मिनिटांत संपतात. मनाचं समाधान म्हणून घ्या, पण त्यांच्या भरवशावर वर चढू नका. उंचीच्या त्रासावर डायमॉक्सची गोळी उपयोगी पडते, मात्र ती निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय हातही लावू नये. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर पुढे चढायचं नाही. सरळ रेषेत चालता येईना, बोलणं बरळल्यासारखं वाटायला लागलं, किंवा बसल्याजागी धाप लागून खोकला सुरू झाला, तर सकाळची वाट न बघता उतरायचं. आणि दारू अजिबात नको. सारचूच्या थंडीत ‘एकेक पेग’ची कल्पना कुणाला ना कुणाला सुचतेच.

दुसरी खरी भीती पाण्याची. बारालाचाच्या दोन्ही अंगांना, भरतपूरपासून झिंगझिंगबारपर्यंत, बर्फ वितळून येणारे नाले रस्त्यावरून वाहतात. बऱ्याच ठिकाणी आता पूल झालेत, तरी काही नाले अजून चाकाखालीच असतात. पहाटे घोट्याएवढं असलेलं पाणी ऊन चढल्यावर दुपारी गुडघ्याला लागतं, आणि खालचे गोटे हलतात. आम्ही सारचूहून उजाडताच निघालो, तर नाल्यात गाडीची पाटीही भिजली नाही. समोरून, मनालीकडून येणाऱ्यांना हेच नाले नेमके दुपारी लागतात. आपला अंदाज चालवण्यापेक्षा समोरून आलेल्या ट्रकवाल्याला थांबवून विचारा. त्यांच्याइतकी खरी बातमी कुणाकडे नसते.

पेट्रोलचा बाऊ होतो तेवढा नाही. चंद्रा आणि भागा नद्यांच्या संगमावर तांडीला पंप आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी त्याची पाटी प्रसिद्ध आहे. गाडीची टाकी एकदा पूर्ण भरली की लेहच्या अलीकडे कारूपर्यंत ती पुरते. बाईकवाल्यांनी मात्र पाच लिटरचा कॅन बांधावाच, कारण विरळ हवेत आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मायलेज बसतं. बाहेरची प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. पण दारचा ते उपशी या पट्ट्यात फोनवर विसंबूच नका. निघताना घरी सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागला नाही तर घाबरू नका. मनालीतून भाड्यानं घेतलेली बाईक लेहपर्यंत नेता येते, पुढे नुब्रा-पँगाँगला नेली तर तिथले टॅक्सी-बाईकवाले अडवतात. स्टेपनीत हवा आहे ना, हे घरीच बघा. आणि सप्टेंबर उजाडला की हवामानावर डोळा ठेवा. २०१८ च्या सप्टेंबरात अवेळी बर्फ पडून लाहौलमध्ये, म्हणजे बोगद्यापलीकडच्या केलाँग–जिस्पाच्या भागात, शेकडो प्रवासी अडकले होते.

शक्य असेल तर आमच्यासारखं श्रीनगरकडून चढा आणि मनालीकडून उतरा. विमानानं लेहला जाणाऱ्यांनी आधी तिथे दोन-तीन दिवस स्वस्थ राहावं. आता लेहजवळच्या निम्मूहून पदुममार्गे दारचाला येणारा तिसरा रस्ताही झाला आहे. त्यावर शिंकू ला (५,०९१ मीटर) ही एकच मोठी खिंड आणि मुक्काम पदुमला, ३,६०० च्या आसपास. उंचीच्या हिशेबानं तो मला जास्त पटतो. काही भाग कच्चा आहे, म्हणून निघण्याआधी पदुममध्ये चौकशी करावी.

आणि मनालीकडूनच चढायचं असेल, तर बोगद्यानं वाचवलेला वेळ जिस्पाला खर्च करा. तिथे किंवा केलाँगला दोन रात्री राहा. मधल्या दिवशी दीपक तालपर्यंत जाऊन परत खाली झोपायला या. तिसऱ्या दिवशी पहाटे चारला निघा, म्हणजे नाले उन्हाच्या आत पार होतात. सारचूला चहा, पांगला जेवण, आणि मुक्काम थेट उपशीच्या बाजूला. दिवस लांबलचक होतो, बारा-चौदा तासांचा, म्हणून गाडीत चालवणारे दोघं हवेत. एकटाच चालवणारा असेल तर त्या दिवसापुरता लाहौलचा ड्रायव्हर घ्या; जिस्पात हॉटेलवाल्याला आदल्या संध्याकाळी सांगितलं तर तो शोधून देतो.