री-एडिटचे दिवस: एका तलाठ्याचा अनुभव

सातबारा ऑनलाइन झाला म्हणजे नेमकं काय झालं, असं विचारलं की शहरातली माणसं सांगतात, कागदावरचं कॉम्प्युटरमध्ये टाइप केलं. टायपिंग तर कधीच उरकलं होतं. मी नोकरीला लागण्याआधीच आमच्या तालुक्याचे सातबारे ठेका देऊन संगणकात चढवलेले होते. तहसीलच्या एका खोलीत ते यंत्र असायचं. तिथून छापून निघणारा सातबारा आणि माझ्या दप्तरातला हस्तलिखित सातबारा यांत फरक निघाला की आम्ही हस्तलिखित खरा धरायचो आणि पुढच्या कामाला लागायचो. एकाच जमिनीचे दोन सातबारे चालू असणं कितीजणांच्या सोयीचं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

खरं काम सुरू झालं ते ई-फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचे बदल (फेरफार) ऑनलाइन नोंदवायची प्रणाली, आल्यावर. पुण्याचं जमाबंदी आयुक्त कार्यालय आणि केंद्र सरकारची संगणक यंत्रणा एनआयसी यांनी ती उभी केली. राज्यातले जवळपास अडीच कोटी सातबारे त्यात जाणार, आणि एकदा गाव ऑनलाइन गेलं की हाताने लिहिलेला सातबारा द्यायचा नाही. म्हणजे यापुढे स्क्रीनवर दिसेल तोच सातबारा. 'दप्तरात बरोबर आहे ना, मग राहू द्या' ही पळवाट संपली. संगणकातल्या चुका दुरुस्त करायला आधी एडिट मॉड्यूल आलं, त्यानंतर री-एडिट, म्हणजे तीच दुरुस्ती पुन्हा. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका कोरडवाहू सजावर (तलाठ्याच्या हद्दीला सजा म्हणतात) होतो. (आमचं पदनाम २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झालंय. गावात अजून तलाठी आप्पाच.)

पहिला अडथळा नावांचा. सॉफ्टवेअरला खातेदाराचं पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव तीन वेगळ्या रकान्यांत हवं. आमच्याकडच्या जुन्या नोंदी निजामाच्या वळणाच्या: गणपत वल्द (म्हणजे मुलगा) रामजी. आडनाव नाहीच. घरी जाऊन विचारावं तर एक नातू एक आडनाव लावतो, दुसरा दुसरं, आणि दोघांचे आधार कार्ड तसेच. त्यात जुन्या प्रणालीतला मजकूर युनिकोडमध्ये येताना जोडाक्षरं फुटलेली. 'अज्ञान पालनकर्ती आई' अशी नोंद असलेला एक अज्ञान, म्हणजे कागदावर अल्पवयीन, मुलगा माझ्यासमोर नातवाला कडेवर घेऊन उभा राहिला, तेव्हा हसावं की काय करावं कळेना. तो सज्ञान झाल्याची नोंद घ्यायला कुणी आलंच नव्हतं आणि कागदानेही कधी तक्रार केली नव्हती.

संगणक मात्र तक्रार करायचा. ओडीसी अहवाल नावाची एक यादी असायची. त्यात गावातला कुठला सातबारा कुठे जुळत नाही ते गटवार दिसायचं, आणि सगळ्यात लांब यादी असायची क्षेत्राची. सातबाऱ्यावरचं एकूण क्षेत्र एक, खातेदारांच्या नावापुढच्या क्षेत्रांची बेरीज दुसरीच.

हे का व्हायचं, त्याचं एक उदाहरण देतो. तीन भावांची दोन एकर एकोणीस गुंठे, म्हणजे ९९ गुंठे जमीन. प्रत्येकाला ३३ गुंठे, वाद नाही. पण सातबारा हेक्टर-आरमध्ये. गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर आणि आर म्हणजे १००. एकूण जमीन झाली १ हेक्टर ०० आर. एकेका भावाचे ३३ गुंठे झाले ३३.३९ आर, आणि लिहिणाऱ्याने दशांश सोडून लिहिले ३३. तीन त्रिक नव्व्याण्णव. एक आर हवेत. कागदावर ही गोष्ट कित्येक वर्षं सुखाने नांदत होती. ई-फेरफार म्हणतं, मेळ बसल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आता हा आर द्यायचा कुणाला? शिवाय जमीन डांबरी रस्त्याला लागून. तिघांना बोलावलं, आकारबंद (मोजणी खात्याचा मूळ क्षेत्राचा तक्ता) दाखवला, वाटणीचा फेरफार काढून वाचला आणि प्रत्येकी ३३ आर ३३ चौरस मीटर लावले. तरी बेरीज ९९ आर ९९. उरला एक चौरस मीटर. थोरल्याला द्या म्हटलं तर धाकटा म्हणाला, "आप्पा, त्याला एकदा जास्तीचं लिहिलं की ते कायमचं लागलं, नाही का?" बरोबरच होतं त्याचं. शेवटी त्यांच्या आईने धाकट्याला उठवून चहा आणायला पाठवलं आणि थोरल्याच्या नावावर मीटर चढला. सगळ्यांचे जबाब घेऊन प्रस्ताव नायब तहसीलदारांकडे, तिथून जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली (लेखनातल्या चुका दुरुस्त करायचं कलम) तहसीलदारांचा आदेश, मग दुरुस्ती. एका चौरस मीटरसाठी सरकारी फाईल झाली, आणि मला विचाराल तर ती व्हायलाच हवी होती. पूर्वी हेच काम निळ्या शाईच्या एका फटक्यात व्हायचं; कुणी केलं, कधी केलं, पत्ता लागायचा नाही.

सरकारी यंत्रणेची सुरक्षा म्हटलं की लोकांना परदेशातला हॅकर आठवतो. गावच्या दप्तराला धोका होता तो पेन हातात असलेल्या माणसाचा. आणि त्याहून मोठा धोका होता पुनर्लेखनाचा, ज्यात कुणाचा वाईट हेतूही नसायचा. हस्तलिखित सातबाऱ्याचा कागद दहा वर्षं पुरायचा. पीक पाहणीचे रकाने भरले की सगळं गाव नव्या कागदांवर उतरवून काढायचं. कंस केलेली, म्हणजे रद्द झालेली, नावं गाळायची, चालू नावं घ्यायची. उन्हाळ्यात, रात्री, दिव्याखाली, मदतीला कोतवाल नाहीतर शाळा सुटलेला पोरगा. एखादं नाव गळालं की पुढच्या पुनर्लेखनात ते आपोआप गळालेलंच राहायचं. पहिल्या संगणकीकरणात टायपिंग करणाऱ्याने समोर होता तो कागद उतरवला, त्याचा काय दोष?

२०१७ च्या मे-जूनमध्ये राज्यभर चावडी वाचन झालं. गाव जमवायचं, संगणकातून काढलेले सातबारे मोठ्याने वाचायचे आणि हरकती लिहून घ्यायच्या. मला सुरुवातीला हा देखावा वाटला होता. लोक येतील, चहा पितील, जातील. पण मारुतीच्या पारावर वाचायला बसलो आणि तिसऱ्या-चौथ्या गटालाच मागून आवाज आला, "आन् माझं नाव कुठं गेलं?" माहेरी आलेली साठीची बाई. वडील वारले तेव्हा तलाठ्याने भावांबरोबर आपलंही नाव घेतलं होतं, एवढंच तिला आठवत होतं. सालही सांगता येईना. एक भाऊ तिथेच बसलेला, तो म्हणाला, "तिचं नाव कधी नव्हतंच."

दप्तर उपसलं. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, मागे मागे चाळत गेलो. नव्वदच्या दशकातली वारस नोंद सापडली. त्यात तिचं नाव स्वच्छ अक्षरात, नोंद मंडळ अधिकाऱ्याने, म्हणजे तलाठ्याच्या वरच्या साहेबाने, मंजूर केलेली. पुढच्या सातबाऱ्यावरही तिचं नाव चढवून अंमल दिलेला. त्यानंतरच्या पुनर्लेखनात मात्र तिन्ही भाऊ आले आणि ती आली नाही. मुद्दाम की चुकून, देव जाणे. मंजूर फेरफाराचा अंमल निसटलेला असला तर तो लेखनप्रमाद. त्यासाठी दिवाणी कोर्टात जावं लागत नाही, कलम १५५ पुरतं. भावांना नोटीस काढली, त्यांचं म्हणणं घेतलं, आदेश झाला, नाव लागलं. तो भाऊ अजून गावात सांगतो की बहिणीचं नाव कॉम्प्युटरने घातलं. मी खोडून काढत नाही. माझ्यावरचा राग कॉम्प्युटरवर गेला तर बरंच आहे.

चावडी वाचनाच्याच सुमारास, १२ मे २०१७ ला, वॉनाक्राय नावाचं खंडणीखोर व्हायरसचं प्रकरण जगभर झालं. विंडोजमधल्या ज्या भोकातून ते शिरत होतं, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी घेतलं नाही त्यांची यंत्रं कुलूपबंद झाली. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना आली की सर्वांनी अपडेट करून घ्यावं. आता आमची यंत्रं कोणती? आपापल्या पगारातून घेतलेले लॅपटॉप, त्यांत कोपऱ्यावरच्या दुकानदाराने टाकून दिलेलं फुकटातलं विंडोज. ते अपडेट कसलं होतंय! अडीच कोटी सातबारे सांभाळणाऱ्या सर्व्हरला कितीही पहारे बसवा, त्यात रोज शिरणारी वाट पोरांच्या गेम्स भरलेल्या लॅपटॉपमधून जात होती. पुढे सरकारी लॅपटॉप मिळाले, हे चांगलं झालं. ते मागण्यासाठी संघटनेला आंदोलन करावं लागलं, हे नसतं झालं तर अजून चांगलं.

पुढचा टप्पा डोंगलचा. लॉगिनला अंगठा, सहीला डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, डोंगल (संगणकाला लावायची पेनड्राइव्हसारखी किल्ली) आणि त्याचा पिन. मी फेरफार घ्यायचा, पंधरा दिवसांची नोटीस काढायची, ती गावच्या चावडीवर आणि 'आपली चावडी' या संकेतस्थळावर लागणार, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी स्वतःच्या डोंगलने प्रमाणित करणार, तेव्हा सातबारा बदलणार. दोन माणसं, दोन सह्या. कागदावर हे तत्त्व पूर्वीही होतं. पण प्रत्येक कार्यालयात एक झिरो असतो, पगारपत्रकावर नसलेला मदतनीस. त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं, अक्षरही चांगलं. हस्तलिखिताच्या काळात लिहायचं त्याने, सही करायची आपण. डोंगल आल्यावर कितीतरी ठिकाणी सकाळी साहेबाने अंगठा लावला, डोंगल मशीनला अडकवून ठेवलं, पिन कॅलेंडरवर लिहिला आणि साहेब दौऱ्यावर.

आमच्या एका मंडळ अधिकाऱ्यांनी स्वतःचं डोंगल माझ्याकडे सरकवलं होतं. "तूच घेतोस, तूच प्रमाणित कर रे, माझ्या मागे निवडणुकीची कामं आहेत." मी म्हटलं, साहेब, रात्री घरी येतो, तुम्ही फक्त पिन टाका. ते त्यांना लागलं. त्यानंतर बराच काळ माझ्या नोंदी बारीकसारीक शेरे मारून परत येत राहिल्या. येऊ द्या. बँकेचा बोजा कमी करण्याची एखादी खोटी नोंद त्या डोंगलवरून गेली असती तर चौकशीत त्यांचं नाव आलं असतं आणि पाठोपाठ माझं. डिजिटल सही कुणी केली, हे संगणकाला माहीत असतं. कुणाच्या हाताने झाली, हे त्याला सांगता येत नाही.

सर्व्हरबद्दल लिहायला बसलो तर दुसरा लेख होईल. दिवसा सगळं राज्य एकदम आत शिरायचं आणि चक्र फिरत राहायचं. म्हणून आम्ही रात्री काम करायचो. मध्यरात्रीनंतर स्पीड यायचा. रेंज मिळते म्हणून टेकडीवरच्या देवळात बसून सातबारे तपासणारे सहकारी मला माहीत आहेत. घरचे वैतागले, डोळे गेले, काहींची तब्येत बिघडली. यशोगाथांच्या पुस्तिकांत हे येत नाही. शेवटी गावाचे शंभर टक्के सातबारे तपासल्याचं घोषणापत्र द्यायचं होतं, वरच्या पायऱ्यांवर पुन्हा काही टक्के तपासणी.

१ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. आता पंधरा रुपयांत तो कुठूनही काढता येतो. माझ्या सजातली निम्मी पोरं पुण्याला कंपनीत आहेत, ती तिथूनच काढतात. नोंदणीकृत खरेदीखताची माहिती दुय्यम निबंधकाकडून थेट ई-फेरफारला येते, त्यामुळे 'खरेदी झाली पण तलाठी नोंद घेत नाही' ही तक्रार कमी झाली. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणीत शेतकरीच शेतात उभं राहून पिकाचा फोटो टाकतो. ज्यांच्या फोनला रेंज नाही किंवा फोनच नाही, त्यांचं काम मात्र फिरून आमच्याकडेच येतं.

एक गोष्ट अजून डोक्यात जाते. डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर आमची शाईची सही लागत नाही, हे त्या कागदावरच छापलेलं असतं. तरी काही बँकांचे कर्ज विभाग शेतकऱ्याला सांगतात, तलाठ्याचा गोल शिक्का आणा. तो चाळीस किलोमीटरवरून एसटीने माझ्याकडे येतो. मी शिक्का मारत नाही. त्याच्यासमोर मॅनेजरला फोन लावतो आणि सातबाऱ्यावरचा पडताळणी क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकून बघायला सांगतो. हुबेहूब तोच सातबारा त्यांच्या स्क्रीनवर आला की ते म्हणतात, ठीक आहे, पाठवून द्या त्याला परत. एसटीचं भाडं अर्थातच शेतकऱ्याचं.