वडगावातला बर्फाचा चहा

आमच्या बेळगावात, वडगावच्या घरी, चहा म्हणजे आलं ठेचून, दूध घालून, उकळीवर उकळी. त्यामुळं परवा मी नुसतंच काळं पाणी गाळताना बघून सासूबाई म्हणाल्या, "अगं, दूध नासलं काय?"

अमेरिकेच्या दक्षिणेकडं हा गोड थंड चहा जेवणाबरोबर पितात. 1879 सालच्या, जुन्या व्हर्जिनियातल्या पाककृतींच्या पुस्तकात तो हिरव्या चहाचा होता. आता काळाच चालतो.

पहिल्यांदा मी रोजची सीटीसी, म्हणजे दाणेदार पूड घेऊन खळाखळा उकळली. कडू जहर! वर तसाच फ्रीजमध्ये ढकलला, तर गढूळ. चहा गार होताना त्यातलं टॅनिन (तुरटपणा आणणारं द्रव्य) आणि कॅफीन एकमेकांना धरतात, त्याचा हा प्रताप. मग खडेबाजारातून निलगिरीच्या डोंगरातला पानाचा चहा आणला. लिटरभर पाणी उकळून गॅस बंद, चार चमचे चहा, चिमटीभर खायचा सोडा (चिमटीभरच, नाहीतर साबणाची चव), झाकण, पाच मिनिटं. गाळून गरम असतानाच पाऊण वाटी साखर. गार चहात साखर तळाशी बसते, ढवळून हात दुखतो. मग ओट्यावरच निवू द्यायचा.

दुपारी लाईट गेलेली, वळीव भरून आलेला. बर्फ घातलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटलेला. सासूबाईंनी एक पेला घेतला, लिंबू पिळलं, दुसराही घेतला. आणि चार वाजता उठून आपला आल्याचा चहा टाकला.