पोस्ट वॉश १५ मिलियन

वंध्यत्वाच्या केंद्रात नवीन जोडपं आलं की फाइल बहुधा बाईच्या हातात असते आणि नवरा गाडी लावून मागून येतो. २०२३ मध्ये इचलकरंजीहून आलेलं हे जोडपंही तसंच. नवरा यंत्रमाग कारखान्यात जॉबर, बायको घरी ब्लाउज शिवणारी, लग्नाला नऊ वर्षं झालेली. फाइल म्हणजे साडीच्या दुकानाची जाड पिशवी होती. मी इथे एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे वीर्य, स्त्रीबीजं आणि गर्भ यांचं लॅबमधलं काम बघणारी, पेशंटांच्या भाषेत ‘लॅबवाल्या मॅडम’. आमच्याकडे जुने कागद डॉक्टरांच्या आधी लॅबकडे येतात, त्यामुळे पिशवी पहिल्यांदा मीच उघडली.

आत दोन एचएसजी होत्या. गर्भाशयात औषध सोडून नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायचा हा एक्स-रे. किती दुखतो ते ज्यांनी काढलाय त्यांना विचारा. एक दुर्बिणीचं ऑपरेशन, त्यातच पीसीओडी म्हणून बीजकोशांना केलेलं ड्रिलिंग. टीबी आहे का बघायला पाठवलेला गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, फॉलिकल वाढतंय का बघणाऱ्या सोनोग्राफ्यांची चळत. आणि २०१८-१९ मधल्या चार आययूआयचे, म्हणजे धुतलेलं वीर्य नळीने गर्भाशयात सोडायच्या उपचाराचे, चार कागद. नवऱ्याच्या तपासणीचा कागद एकच : शुक्राणूंचा काउंट ६० मिलियन, हालचाल ७० टक्के, खाली शिक्का ‘नॉर्मल’.

यात जगावेगळं काही नाही. मूल न होण्याची कारणं ढोबळमानाने एक तृतीयांश बाईकडची, एक तृतीयांश पुरुषाकडची आणि उरलेली दोघांकडची किंवा न सापडणारी, हे आम्ही कॉलेजपासून घोकतो. सगळ्यांत स्वस्त, अजिबात न दुखणारी आणि तास-दोन तासांत होणारी तपासणी पुरुषाची. तरी ती शेवटी होते, कारण सासू दवाखान्यात सुनेला घेऊन येते, मुलाला आणत नाही. आणि आमच्यातले लोक रागावतील, पण डॉक्टरसुद्धा पहिल्या दिवशी बाईलाच टेबलावर घेतात. ती समोर असते ना!

वीर्यतपासणी म्हणजे काचेवर थेंब ठेवायचा आणि मोजायचं, अशी समजूत आहे. आम्ही रिकाम्या डबीचं वजन करून ठेवतो, भरून आल्यावर पुन्हा करतो आणि फरकावरून मिलिलिटर काढतो. पिपेटने ओढून मोजलं तर थोडं डबीला चिकटून राहतं आणि आकडा कमी येतो. त्याआधी २ ते ७ दिवसांचा संयम हवा. घरून आणायचं तर डबी अंगाशी धरून, तासाच्या आत. एकाने ती पोलिओच्या डोससारखी बर्फाच्या थर्मासमधून आणली होती. निरोधातून आणणारे तर नेहमीचेच, आणि बाजारातल्या निरोधाच्या वंगणाने शुक्राणू बऱ्याचदा वाटेतच मरतात.

या गृहस्थांनी आमच्याच खोलीत सॅम्पल दिलं. वजनावरून भरलं ०.६ मिलिलिटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकात खालची मर्यादा १.४ आहे. अशा वेळी पहिला प्रश्न ठरलेला असतो, म्हणून विचारलं, “सगळं डबीत पडलं का? सुरुवातीचं सांडलं नाही ना?”

“नाही मॅडम. एवढंच असतंय माझं.”

‘एवढंच असतंय’ हे मी कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवलं.

वीर्य बाहेर आल्यावर आधी गोठल्यासारखं घट्ट होतं आणि अर्ध्या तासात पातळ होतं. हे पहिल्यापासून पाण्यासारखं होतं. पीएचची पट्टी बुडवली तर रंग ६.४ च्या चौकटीशी जुळला, ७.२ किंवा त्याहून वर हवा. सूक्ष्मदर्शकाकडे वळायच्या आधीच माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं. वीर्यातला मोठा वाटा वीर्यकोशांतून येतो. तो अल्कधर्मी असतो, त्यात फ्रुक्टोज नावाची साखर असते आणि घट्टपणाही त्याचाच. प्रोस्टेटचा वाटा छोटा आणि आम्लधर्मी. इथे नुसता प्रोस्टेटचाच वाटा डबीत उतरलेला दिसत होता.

काचेवर एकही शुक्राणू नव्हता. एवढ्यावर ‘निल’ लिहायचं नसतं. नमुना सेंट्रिफ्यूज यंत्रात ३००० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजार पट जोराने १५ मिनिटं फिरवला, तळाचा गाळ घेऊन सगळी काच रांगेरांगेने पाहिली. नाहीच. मग फ्रुक्टोज. जुनी, दोन पैशांची टेस्ट आहे. रिसॉर्सिनॉल आणि आम्ल घालून उकळायचं, साखर असेल तर लालसर नारिंगी रंग येतो. शेजारच्या नळीत दुसऱ्या पेशंटचा चांगला नमुना ठेवला. तो मिनिटभरात लाल झाला, यांची नळी होती तशीच राहिली. या टेस्टचं मला भारी कौतुक आहे. आणि चीड याची की कितीतरी लॅबमध्ये रिपोर्टच्या साच्यातच ‘फ्रुक्टोज : पॉझिटिव्ह’ छापून ठेवलेलं असतं, नळी कोणी उकळतच नाही.

काही आठवड्यांनी दुसरा नमुना घेतला, तोही हुबेहूब तसाच. मग सरांनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, जे केलं ते नऊ वर्षांत कोणी केलं नव्हतं. नवऱ्याला टेबलावर झोपवून हाताने तपासलं. वृषणांचा आकार मोजायच्या मण्यांशी ताडून पाहिला, उत्तम होता. एफएसएच, म्हणजे वृषणांना शुक्राणू तयार करायला लावणारं हार्मोन, तेही नॉर्मल. पण शुक्रवाहिनी, जी दोन बोटांत ताणलेल्या सुतळीसारखी लागायला हवी, ती दोन्ही बाजूंना नव्हती. जन्मापासूनच नव्हती. वंध्यत्व असलेल्या पुरुषांत एक-दोन टक्क्यांना हे असतं. बऱ्याचदा त्याचं मूळ सीएफटीआर नावाच्या जनुकातल्या बदलात असतं. माणूस धडधाकट, संबंधांत काही अडचण नाही, त्यामुळे शंका येतच नाही. शुक्राणू व्यवस्थित तयार होतात, बाहेर यायला वाट नसते.

‘जन्मापासून’ या शब्दापाशी मी थांबले आणि परत पिशवी काढली. चार आययूआयचे चार कागद टेबलावर ओळीने मांडले. पोस्ट वॉश १५ मिलियन. १२ मिलियन. २० मिलियन. पुन्हा १५ मिलियन.

आययूआयमध्ये नवऱ्याचं वीर्य धुतात, चांगले पळणारे शुक्राणू वेगळे करून अर्ध्या मिलिलिटरच्या आत घेतात आणि बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. धुतल्यावर किती उरले तो हा आकडा. धुणाऱ्याला सूक्ष्मदर्शकातून बघावंच लागतं, त्याशिवाय आकडा येणार कुठून? आणि या माणसाच्या वीर्यात उभ्या आयुष्यात एकही शुक्राणू येणं शक्य नव्हतं. शिवाय इतके गोल आकडे खऱ्या मोजणीत चार-चार वेळा येत नाहीत. माझ्या रजिस्टरमध्ये १३.४, ९.७ असलंच काहीतरी असतं.

म्हणजे तीनच शक्यता उरतात. कोणी बघितलंच नाही, आकडे अंदाजाने भरले आणि चार वेळा तिच्या पोटात नुसता द्रव सोडला. किंवा तिथे कोणाला तरी कळलं होतं की यांचं निल आहे, आणि न सांगता न विचारता दुसऱ्या कोणाचं तरी वापरलं. आमच्या धंद्यातली जुनी माणसं ‘मिक्सिंग’ हा शब्द खालच्या आवाजात उच्चारतात, तो मी शिकाऊ असल्यापासून ऐकत आलेय. किंवा नवऱ्यानेच भीतीपोटी डबीत मित्राचं नेऊन दिलं. हेही होतं. घरून डबी आणायची मुभा मी याचसाठी कमी करत आणली.

सरांनी दोघांना बसवून चित्र काढून समजावलं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर. नवरा म्हणाला, “म्हणजे तयार होतंय, पण भाईर येत नाही?” सर म्हणाले, बरोबर. मग मार्ग सांगितले. एपिडिडिमिसमधून, म्हणजे वृषणाला चिकटलेल्या शुक्राणू साठवणाऱ्या नळीतून, किंवा थेट वृषणातून सुईने शुक्राणू काढायचे आणि इक्सी करायचं, म्हणजे एका स्त्रीबीजात एक शुक्राणू सुईने सोडायचा. १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी या पद्धतीचं पहिलं यश जाहीर केलं. त्याआधी अशा पुरुषांना स्वतःचं मूल होण्याची आशा जवळपास नव्हतीच. ते नको असेल, परवडत नसेल तर बँकेतलं दात्याचं वीर्य, दोघांच्या लेखी संमतीने. २०२१ च्या कायद्याने एका दात्याचं वीर्य एकाच जोडप्याला देता येतं. नाहीतर दत्तक. सर हे सगळं फार छान सांगतात, घाई न करता.

बायको तोवर एक शब्द बोलली नव्हती. सरांचं झाल्यावर म्हणाली, “मग त्या चार येळंला आत काय सोडलं?”

सर पेनचं टोपण लावत म्हणाले, “त्या वेळचं आता कसं सांगणार, ताई? आपण पुढचं बघू.”

सरांचा हात सोन्यासारखा आहे, पण दुसऱ्या डॉक्टरच्या कामाबद्दल ते कधीही तोंड उघडत नाहीत. त्याला ते सभ्यता म्हणतात. त्या दिवशी मला ती सभ्यता वाटली नाही.

“मी तिथंच दिलतं,” नवरा म्हणाला, “परत्येक बारीला.”

“दोनदा घरनं नेलीती की डबी,” ती म्हणाली.

“नेली असंल.”

पुढे त्यावर बोलणं झालं नाही. तिने गळ्यातलं गंठण गहाण टाकून त्या चारही वेळचे पैसे भरले होते, हे नंतर नर्सकडून कळलं.

इक्सीआधी दोघांची सीएफटीआर तपासणी करून घेतली. तिच्यातही तो बदल असता तर बाळाला सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा आणि पचनाचा गंभीर आनुवंशिक आजार व्हायचा धोका वाढला असता. त्याच्यात एक बदल सापडला, तिचा रिपोर्ट निर्दोष. मग इंजेक्शनं सुरू झाली, अर्थातच तिच्या पोटात. वाट त्याची नाही, पण इथेही सुया जास्त तिलाच. त्याला काही दुसरा इलाज नाही, स्त्रीबीजं तिचीच लागतात.

त्या सकाळी तिची ११ स्त्रीबीजं मिळाली, ९ पक्व होती. शेजारच्या थिएटरमध्ये नवऱ्याची पेसा, म्हणजे एपिडिडिमिसमधून सुईने शुक्राणू काढणं, चालली होती, नुसती जागा बधिर करून, त्यामुळे तो जागा होता. खिडकीतून पहिली सिरिंज आली. थेंबात सगळा कचरा, मेलेले शुक्राणू, तुटलेल्या शेपट्या. वाट बंद असली की खालच्या भागात जुना माल साचून राहतो. ताजे मिळतात ते वरच्या टोकाशी, वृषणाच्या जवळ. मी आत सांगितलं, “सर, थोडं वरून घ्या.” दुसरा थेंब आला, भिंगाखाली सरकवला, आणि कडेला एकाने शेपटी हलवली. मग त्याच्या पलीकडे आणखी एकाने. पळत नव्हते, जागच्या जागी वळवळत होते. इक्सीला तेवढं पुरतं.

प्रत्येक डिशवर दोघांची नावं, दोन जणांच्या सह्या. हा नियम आमच्याकडे आधीपासून आहे. त्या दिवशी मी तिसऱ्यांदाही वाचून घेतलं. नवऱ्याला बाहेर नेताना स्क्रीनवर दाखवलं.

“हे माझंच?”

“तुमचंच. आत्ता काढलं की तुमच्यासमोर.”

“माझंच ना पण?”

दुसऱ्यांदा का विचारलं असेल, याचे मी दोन्ही अर्थ लावून बघते. फसवला गेलेला माणूस असंच विचारेल. एकदा दुसऱ्याचं नेऊन दिलेला माणूससुद्धा असंच विचारेल.

सात फलित झाली. त्यातले चार गर्भ पाचव्या दिवसापर्यंत टिकले आणि गोठवून ठेवले. संमतीपत्रावर सह्या करायला ती एकटीच माझ्या खिडकीशी आली होती. पेन हातात धरून म्हणाली, “मॅडम, त्या वेळी दिवस गेले असते तर वो?”

मी म्हटलं, गेले नाहीत ना. याहून बरं काही मला तेव्हा सुचलं नाही, आजही सुचलेलं नाही. घरी बारसं झालं असतं, सासूने पेढे वाटले असते आणि ही पिशवी कधीच उघडली गेली नसती.

आपण त्या केंद्राला पत्र पाठवायचं का, असं सरांना विचारलं. ते म्हणाले, तक्रार करायची तर जोडप्याने करायची, वैद्यकीय परिषदेकडे नाहीतर ग्राहक आयोगाकडे, आपण मध्ये पडायचं नाही. नियमाने ते बरोबर आहे. नवऱ्याला तिथे जाऊन भांडायचंय, निदान तो तसं म्हणतो. तिला आधी गर्भ पोटात सोडून घ्यायचाय, मग बाकीचं. मी तिला तिच्या चारही कागदांचे तीन-तीन झेरॉक्स काढून दिले आणि सांगितलं, मूळ कागद घरात ठेव, कोणी कितीही गोड बोलून मागितले तरी हातात फक्त झेरॉक्स द्यायचे.