तुम्ही विचारलंत म्हणून: "औषध बाजारात कधी येतंय?"

साताऱ्याला आलो की राजवाड्यावर, लग्नात, अगदी शेजारच्या दहाव्यालाही हाच प्रश्न: "काय रे, तुझं ते कॉम्प्युटरवरचं औषध कधी येतंय?" येत नाहीये. एकदाच सांगतो, पुन्हा विचारू नका.

पेशीत प्रथिनं एकमेकांना धरतात, तीही बऱ्याचदा पेप्टाइडएवढ्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळीएवढ्या, छोट्याशा तुकड्यानं. तोच तुकडा गिळला तर वरणातल्या डाळीसारखा पचून जातो. म्हणून त्याची नक्कल करणारा, न पचणारा छोटा रेणू हुडकायचा. अण्णा, तुम्ही हसता, पण ब्राझीलच्या सापाच्या विषातल्या पेप्टाइडवरूनच कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचं औषध सुचलं, 1981 ला अमेरिकेत मान्यता मिळाली. तुमची रॅमिप्रिल त्याच कुळातली.

मी लागलो होतो पी53 आणि एमडीएम2 च्या मागे. पी53 हे पेशीला कॅन्सरपासून राखणारं प्रथिन, एमडीएम2 हे त्याला धरून गप्प करणारं; ती पकड सोडवायची होती. पी53 च्या मळसूत्री भागावरची 19, 23 आणि 26 नंबरची अमिनो आम्लं एमडीएम2 च्या खोबणीत तीन बोटांसारखी रुततात. एका वेढ्याला 3.6 अमिनो आम्लं, म्हणून तिघं एकाच अंगाला येतात. हे छोट्या रेणूला जमतं हे 2004 मध्येच न्यूटलिन नावाच्या रेणूनं दाखवलं होतं. आमच्या रेणूचा सांगाडा वेगळा. मधल्या बोटाच्या, म्हणजे ट्रिप्टोफॅनच्या जागी माझी क्लोरीनवाली रिंग स्क्रीनवर अशी चपखल बसली की मी तो फोटो मोबाइलच्या वॉलपेपरला लावला.

रेणू बनवून घेतला. चाचणीत पकड किती सुटते याचा आकडा आला, चांगला आला. मी घरी फोन केला. बाबांनी दोन किलो कंदी पेढे वाटले, तुम्हीही खाल्लेत.

तीन आठवड्यांनी लॅबमधल्या एकीनं तीच चाचणी 0.01 टक्का ट्रायटन घालून लावली. ट्रायटन म्हणजे साबणच समजा. आकडा गायब. तिनं पुन्हा लावली, पुन्हा गायब. माझा रेणू खोबणीत बसतच नव्हता. पाण्यात त्याच्या गुठळ्या होत होत्या आणि प्रथिन त्यांना जाऊन चिकटत होतं. साबणानं गुठळ्या फुटल्या, औषध वाहून गेलं. ती काही बोलली नाही, फक्त प्लेट माझ्या टेबलावर ठेवून गेली.

पेढे मी वाटले नव्हते. पण फोन मीच केला होता, आणि पुढे दोन महिने बाबांना खरं सांगितलं नाही. साबणाची चाचणी आधी लावायची हे मला माहीत नव्हतं असंही नाही. तेव्हाच्या मला विचारलं तर तो म्हणेल, फोटो बघ की! बघतो ना. डॉकिंगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर रेणू प्रथिनात बसवून बघताना, आम्ही प्रथिन जवळपास गोठवून ठेवलेलं, पाणी बहुतेक काढून टाकलेलं. तिथं गुठळी दिसणार कुठून? यावर तो विचारतो, मग फोटोशिवाय तू सुरुवात तरी कुठून केली असतीस? याला माझ्याकडे उत्तर नाही.

गेल्या महिन्यात नव्या सांगाड्याचा आकडा आलाय. साबण घालूनही टिकला, पण एकदाच. बाबांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका, ते आधी पेढ्याच्या दुकानात जातील.